हात दाबायचा

रविवारी वेळच्चेरीच्या पाणथळीकाठी पोरांना फिरायला नेताना संताजीमास्तरांचे नियम दोनच. पक्षी दिसला की शेजाऱ्याचा हात दाबायचा. ओरडेल त्याला परतताना खायला चण्यांचं सुंडल नाही. आणि दिसला नसेल, तर दिसला म्हणायचं नाही.

काचबिंदूनं मास्तरांचे डोळे गेले आणि ते फिरणं बंद पडलं. आज किती तरी महिन्यांनी त्यांनी हट्टच धरला, म्हणून नात तुळजा त्यांना हाताला धरून त्या वाटेवर घेऊन आली होती. वळणावर ती एकदम थांबली.

"काय गं, दमलीस? म्हातारा मी का तू?"

समोर लॉरीतून धडाधड मुरूम ओतल्याचा आवाज आला. मास्तरांनी पाऊल चाचपून पाहिलं. दरवेळी चपला ओढून घेणारा चिखल कुठंच नव्हता. नाकात नुसती धूळ गेली.

"तुळजा, पाणी आहे ना गं?"

"आहे की, आजा. भरपूर आहे." आणि तिनं त्यांचा हात दाबला.

"कोण आलंय?"

"चमच्या. पाण्यात चोच फिरवतोय."

मास्तरांनी लॉरीच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग, जणू त्यांनाही तो दिसला होता, तसा त्यांनी तिचा हात दाबला.

"हळू बोल," ते कुजबुजले, "उडून जाईल."