सतरा एक

भिंतीवरच्या पाटीचा पडदा ओढायला अध्यक्ष रामभाऊ उठले, तेव्हा अश्विनीला राहवलं नाही. पुढच्या रांगेतून ती थेट मंचावर गेली आणि दत्तोपंत सरांच्या हातात तिनं चिठ्ठी ठेवली.

पाटीवर सतरा एक कोरले होते. ओळीनं सतरा एक मांडले की होणारी ती अगडबंब संख्या मूळ आहे, तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, असं सरांनी नेवाशाच्या या शाळेत सदतीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही ते वह्यांमधून भागाकार करतच राहिले. वीस लाखांपर्यंतचे भाजक तपासून झाले होते. आज त्यांना पंच्याऐंशी पूर्ण झाली, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी ती संख्या शाळेच्या भिंतीत बसवली होती.

सरांचीच विद्यार्थिनी अश्विनी आता नगरच्या कॉलेजात गणित शिकवायची. निघण्यापूर्वी तिनं सहज म्हणून ती संख्या कॉम्प्युटरमध्ये घातली. उत्तर यायला दोन सेकंदही लागले नाहीत.

सरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. दोनच संख्या होत्या, मधे गुणाकाराची खूण. पहिली त्यांनी हळू वाचली, "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"सर, घरी गेल्यावर बघू."

"खडू दे."

ते मंचावरच्या फळ्याशी गेले आणि दोन्ही संख्यांचा गुणाकार मांडू लागले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या ओळीत ते हातचे दोन मिळवायला विसरले.

अश्विनीला ते दिसलं. ती गप्प राहिली असती तर उत्तर चुकलं असतं आणि सर बरोबर ठरले असते.

"सर," ती म्हणाली, "हातचे दोन राहिले."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अंगठ्यानं आकडा पुसला, नवा लिहिला.

मग बेरीज. उजवीकडून एक आला. त्याच्या शेजारी एक. पुन्हा एक. सतरावा एक लिहून होताच रामभाऊ ओरडले, "बगा! समदे एकच आले! सर बराबर हुते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अश्विनीनं मान खाली घातली.

सरांनी हात वर केला. टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच ठेवला.

"भाग गेला, रामभाऊ. ही संख्या मूळ नाही. मी सदतीस वर्षं चुकीचं शिकवलं." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच खणखणीत होता. "वह्या काढा. दुरुस्त करून घ्या."

कुणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतला, केस पिकलेला एक माणूस शर्टाच्या खिशात पेन चाचपू लागला.