गजावरून चेहऱ्यावर

भाऊजींनी दादाचं डोकं फोडलं. पण तसं काही झालंच नाही, असं धरून चालू. घरच्या सिनेमात दादा नायक, भाऊजी खलनायक, मामा दिग्दर्शक, कॅमेरा माझा. मामांनी बजावलं, “आधी भाऊजींच्या हातातल्या गजावर फोकस, मग दादाच्या चेहऱ्यावर. लेन्सच्या रिंगवर चेहऱ्याच्या फोकसची खूण कर आणि अलगद फिरव.” दादा भाऊजींना म्हणाला, “घरजावई, जोर लावा! गज रबराचाच आहे.” भाऊजी फक्त हसले. मी गजावर फोकस लावला आणि त्यावरचा गंज लख्ख दिसला. रबराला गंज चढत नाही. ओरडणार होतो, पण चालू शॉटमध्ये बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी रिंग अलगद फिरवली. खुणेवर दादाचा चेहरा स्वच्छ उतरला, रक्तासकट. “झकास! पण दादा फ्रेमबाहेर कोसळला,” मामा वैतागले. तरी संबंधित कलाकाराने डोकं पूर्ववत करून मूळ जागी हजर राहावं, ही विनंती.