पाच दिवसांचं गोड बोलणं

शालनच्या कपाळावरच्या पट्टीत पाचव्या दिवशीही निळाच दिवा होता. तो हिरवा झाला की यकृताच्या पेशी वाढायला लागल्या असं समजायचं. थोरल्या जावेने, इंदुमतीने, आपल्या यकृताचा तुकडा तिला दिला होता. पण तो वाढावा असा हुकूम शालनच्या मेंदूतून सुटत नव्हता.

"तो हुकूम सुटावा म्हणून सेरोटोनिन आम्ही पुरवतोय," डॉक्टर बर्वे इंदुमतीला बाहेर म्हणाल्या, "पण मेंदूतली त्याची दारंच उघडत नाहीत. त्यांनी कसली तरी धास्ती घेतलीय. जरा गोड बोला त्यांच्याशी."

"पाच दिवस गोडच बोलतेय," इंदुमती म्हणाली आणि थबकली. त्याआधी तीस वर्षांत ती शालनशी कधी गोड बोलली नव्हती. दोघी गोड बोलल्या होत्या ते फक्त सासूबाईंशी, त्यांच्या शेवटच्या आठवड्यात.

पोटावरचे टाके सांभाळत ती आत गेली.

"शालन, यंदाचे सांडगे खारट झालेत. कितीदा सांगितलं, मीठ हात राखून घाल."

शालनने डोळे उघडले.

"मीठ तुम्हीच घातलंत, आक्का. मी नुसतं कालवलं."

"खोटं बोलू नकोस."

"म्हणजे मी जगणार आहे?"

"मग पुढच्या वर्षीचे कोण घालणार?"

दिवा हिरवा झाला, तेव्हा भांडण मिठावरून हिंगावर आलं होतं.