गल्लीचं शिळं पाणी

नळ आले तसं वच्छलाकाकूंनी दारातलं पिंप आडवं केलं. पाणी गटाराकडे पळालं. बादली घेऊन धावलेल्या कडूबाईंच्या हाती निम्मंच लागलं.

"गल्लीभरचं शिळं पाणी गोळा करता कडूबाई, लोणचं घालणार का काय?"

"व्हय की. शिळी भाकर बी दे, कुस्करा करते," कडूबाई हसल्या आणि पुढच्या दाराशी गेल्या.

दुष्काळाची वर्षं होती. नळ आठवड्यातून एकदा यायचे. ते आले की उरलेलं ओतून ताजं भरायचं, ही गल्लीची रीत. कडूबाईंचा जन्म मेंढरांमागे गेलेला. पाणी पाहून मुक्काम टाकायचा, संपायच्या आत हलवायचा. शहराचा मुक्काम मात्र हलत नव्हता. पाणी आटलं तरी शहर फुलंब्रीच्या रस्त्याला वाढतच चाललं होतं. टाकलेलं पाणी कडूबाईंना बघवत नसे. त्या दारोदार मागून आणायच्या, फडक्यानं गाळून वेगळ्या पिंपात भरायच्या. कॉलेजात शिकवणारी त्यांची लेक सुकेशनी तेवढा वेळ खिडकी लावून घ्यायची. आईशी भांडली नाही, पण तिची बाजूही कधी घेतली नाही.

त्या संध्याकाळी पिंपावर झाकण ठेवत कडूबाई म्हणाल्या, "आता लांबलं पाणी तरी फिकीर नाय." सुकेशनीनं वाचता वाचता नुसती मान हलवली.

सकाळी कडूबाई उठल्याच नाहीत.

दुपारी पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली. मागे बायकांनी घर धुवायला काढलं. वच्छलाकाकू डोळे पुसत पिंपाशी आल्या. "मयताच्या घरात भरलेलं पाणी ठेवत नसतात, बाई," त्या मायेनं म्हणाल्या आणि पिंप कलतं केलं. पाणी उंबऱ्यावरून गल्लीत उतरलं.

सुकेशनीनं दोन्ही हातांनी काठ धरला. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं.

"सोड गं. आधीच शिळं, त्यात सुतकाचं. कोण पिणार आहे हे?"

कुणाला सांगू नको, आईनं बजावलं होतं. कळलं तर बिचाऱ्यांच्या घशाखाली उतरायचं नाय. इतकी वर्षं सुकेशनीनं ते पाळलं. आता ती बोलली, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"काकू, पाणी लांबलं की तुम्ही आमच्याकडून हंडा न्यायचात. आई त्यात तुमचंच टाकलेलं पाणी भरून द्यायची."