योग्य गिऱ्हाईक

"मुलगाच होणार, नाहीतर पैसे परत," हे वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरांत टाका, असं ऋषिराजने सांगितलं, तेव्हा नीलिमाने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

त्याला ते दिसलं नाही. तो मागे उभा राहून चहा भुरकत होता. सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या माडीवर एक कॉम्प्युटर, एक फोन आणि भिंतीशी रचलेल्या चूर्णाच्या बाटल्या, एवढाच 'कुलदीप ऑनलाइन'चा पसारा होता. नव्याण्णव साल चालू होतं. वेबसाईट काढली की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येईल, असं ऋषिराजला वाटलं होतं. सहा महिन्यांत कुत्रंही फिरकलं नव्हतं.

बाटलीत शतावरी आणि पिठीसाखर होती. नीलिमाला ते ठाऊक होतं, कारण बाटल्या भरण्यापासून लेबलं चिकटवण्यापर्यंत सगळं तिच्यासमोर व्हायचं.

"मॅडम, निम्म्यांना मुलगा होतोच की," ऋषिराज एकदा हसत म्हणाला होता. "उरलेल्या निम्म्यांचे पैसे परत द्यायचे. आपलं काय जातंय?"

त्या हसण्याची तिला शिसारी आली. त्या दिवशी घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नाही. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पण तिचा नवरा धम्मपाल ज्या सूतगिरणीत होता ती बंद पडली होती, आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं.

ऋषिराजचं म्हणणं असं, की माल उत्तम, जाहिरात उत्तम, फक्त ती भलत्यांच्या नजरेला पडतेय. कॉलेजची पोरं वेबसाईट उघडतात, फिदीफिदी हसतात आणि जातात. तेव्हा योग्य माणूस आधी हुडकायचा. त्याने विट्यापासून दहिवडीपर्यंतचे कॉम्प्युटर ठेवणारे एसटीडी बूथवाले कमिशनवर धरले. गावात पत्र जाणार, पत्र वाचून माणूस बूथवर येणार, बूथवाला त्याच्या नावाने वेबसाईटवर मागणी भरणार. आणि पत्रं कुणाला धाडायची, तर त्यासाठी मिरजेच्या कुठल्याशा दवाखान्यातला कंपाउंडर फोडून त्याने ओळीने मुलीच झालेल्या दोनशे घरांची यादी आणली.

"ह्या खेपेला न्हाई जमलं तर चूर्ण बंद," यादी तिच्यापुढे टाकत तो म्हणाला. "मग काकांच्या हळदीची वेबसाईट करू."

नीलिमा मान खाली घालून यादी वाचू लागली. बाईचं नाव, गाव, आणि पुढे मुलगी, मुलगी, मुलगी. कुणाच्या तरी बाळंतपणाच्या खोलीत चोरून डोकावल्यासारखं तिला वाटलं. ह्या घरांतल्या सासवा पत्र हाती पडताच बूथ गाठतील, हे उघड होतं. चूर्ण बंद पाडायचं तर पत्रं दुसरीकडे जायला हवी होती. ज्यांना ह्या जाहिरातीचा सगळ्यांत जास्त संताप येईल, अशा माणसांकडे.

ती मूळची साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली. तिकडे मुलीवर मुली झाल्या की धाकटीचं नाव नकुसा ठेवायचे. नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगाच होतो, अशी समजूत. शाळेत नीलिमाच्या बाकावर एक नकुसा बसायची. गुरुजींच्या तोंडून तिचं नाव पुरतं बाहेर पडायच्या आत ती "हजर" म्हणायची.

पत्त्यांसाठी ऋषिराजने मतदारयाद्यांचा गठ्ठा विकत आणून ठेवला होता. नीलिमाने माण, खटावच्या याद्या काढल्या आणि नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. शंभर तरी सापडतील का, अशी तिला शंका होती. दोनशे नकुसा तीन दिवसांत पुऱ्या झाल्या, तरी निम्मा गठ्ठा शिल्लक होता. तिने तो बांधून बाजूला ठेवला.

मग दोनशे पाकिटांवर तिने त्या बायकांची नावं घातली. त्या पत्रावर थुंकणारं कुणी असेल तर ह्याच असतील, ह्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पत्रं स्वतः टपालात टाकून ती घरी गेली, आणि आता हळदीचं काम येणार, असं तिने धम्मपालला सांगून टाकलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

आठ दिवस काही आलं नाही. ऋषिराज नखं खात बसला.

नवव्या दिवशी सात मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी एकतीस. शनिवारपर्यंत एकशे चाळीस झाल्या, आणि ऋषिराज कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढला.

"यादी बदलली तुमी, ते गावांवरनं कळलं मला," तो पेढा पुढे करत म्हणाला. "पण गिऱ्हाईक ओळखावं तर तुमीच, मॅडम. दुसऱ्याचं काम न्हाई."

पेढा तिच्या हातात चिकट होत गेला. नवऱ्यांनी किंवा सासवांनी पत्रं फोडली असणार, असं तिने स्वतःला समजावलं. तो खाली पेढे वाटायला गेल्यावर तिने एकेक मागणी उघडली. मागणी करणाऱ्याचं नाव: नकुसा. पुढची: नकुसा. त्याच्या पुढची: नकुसा. सासू नाही, नवरा नाही, त्या स्वतः बूथवर गेल्या होत्या. जन्मभर ते नाव वागवून शेवटी ह्यांनीही मुलगाच मागावा? ऋषिराजची आली नसेल एवढी किळस तिला त्या बायकांची आली.

फॉर्मच्या तळाशी 'काही सांगायचे असल्यास' असा रकाना होता. बहुतेकींनी तो रिकामा सोडला होता. दहिवडीच्या बूथवाल्याने मात्र बाई बोलली ते जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं होतं. नीलिमाने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"आवं, बाटली लवकर धाडा. दोन पोरी हायत. आता पोरगीच झाली तर तिलाबी माझंच नाव ठिवणार म्हणत्यात."