हौशीरामाचा माळ

"आजी, एकदा तरी नाव घ्या," प्राचीने चौथ्यांदा विनवले.

सोनीबाई हसल्या. "न्हाई गं. उभ्या जन्मात घेतलं न्हाई, आता कुठं घेऊ?"

अवसरी खुर्दच्या महाविद्यालयासमोरील थांब्याला सारे ‘हौशीरामाचा माळ’ म्हणत. सोनीबाई मात्र कंडक्टरला "लिंबांपाशी उतरवा" एवढेच सांगत. आता त्या थांब्याचे नाव ‘कॉलेज चौक’ होणार होते, कारण हौशीराम कोण हेच कुणाला ठाऊक नव्हते. त्याच्या जवळच्या माणसाची आणि एका साक्षीदाराची सही असलेला अर्ज आज संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीत पोहोचला, तरच जुने नाव टिकणार होते. त्या कडुलिंबांच्या सावलीत चार वर्षे अभ्यास केलेल्या प्राचीने ते काम आपण होऊन पत्करले होते आणि ते नाव टाळणाऱ्या सोनीबाईंची ओसरी गाठली होती.

चैत्रातील दुपार होती. लिंबाच्या फुलोऱ्याचा मंद गंध ओसरीपर्यंत येत होता. काळही जणू तेथे घटकाभर डोळे मिटून टेकला होता.

"दादाभाऊ, पोरीला पाणी द्या हो," सोनीबाईंनी हाक दिली.

एक वृद्ध गृहस्थ तांब्या ठेवून ओसरीच्या टोकाला शेंगा फोडत बसले. धाकटे दीर असावेत, असे प्राचीला वाटले. सोनीबाईंच्या कपाळी ठसठशीत कुंकू होते. विधवांचे कुंकू पुसण्याची चाल गावोगावी बंद होत असल्याचे तिने वाचले होते; तिला बरे वाटले.

"पयल्यांदा दिसले ते बेल्ह्याच्या बैलबाजारात," सोनीबाई सांगू लागल्या. "बैलापरीस मालकच जास्त बुजरे, बग! पुढं मी लगीन होऊन या गावात आले. त्याच साली त्यांनी उघड्या माळावर पयला लिंब लावला. मग दर साली एक. नदीवरनं कावडीनं पाणी आणायचे. लोक म्हनायचे, येडा झालाय."

"किती लावले?"

"एकुणीस. इसावा लावायच्या आधीच गेले."

"अठरा," दादाभाऊ शेंगांवरची नजर न काढता म्हणाले. "एक शेळीनं खाल्ला."

"शेळी तुमचीच व्हती!"

प्राची खळखळून हसली. तिने सारे लिहून घेतले. ‘नाते’ या रकान्यात तिने न विचारताच ‘पत्नी’ असे लिहिले. नाव न घेणारी बाई दुसरी कोण असणार?

"वाचून दाखवू?"

"नगं. तू लिवलंस ते खरंच असंल." सोनीबाईंनी सही केली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

प्राचीने कागद दादाभाऊंपुढे धरला. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. एकेक ओळ बोटाने वाचत ते ‘पत्नी’ या शब्दापाशी आले आणि बोट तेथेच राहिले. शेंगांची टरफले वाऱ्याने सरकत होती.

"काही चुकलं का, आजोबा?"

"न्हाई, पोरी. बरोबर हाय."

साक्षीदाराच्या जागी त्यांनी सही केली. तिच्यापुढे आणखी एक रकाना होता : ‘माहिती देणाऱ्याशी नाते’. त्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिले, ‘सोनीबाईचा नवरा’.