एकोणीस शिफारशी

“पद काय टाकू, काका?” हरेशने विचारलं.

हिंदुराव माने पडद्याकडे बघत राहिले. “पद राहू दे. रिटायर्ड लिही.”

“नुसतं रिटायर्ड? मग कौन देखेगा, काका? ही नोकरी-धंद्याच्या ओळखींची साइट आहे. इथं माणूस आपलं वजन दाखवतो.”

“मला नोकरी नकोय. जुनी माणसं शोधायचीत.”

हरेशचा सायबर कॅफे उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये होता, फर्निचरच्या दुकानाच्या वर. हिंदुराव राहायचे बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. कॅफे तिथेही होते. पण तिथे अंबरनाथच्या कंपनीतलं कोणी ना कोणी दिसायचं, आणि हिंदुरावांना बघितलं की रस्त्याच्या पलीकडे जायचं. काम गेलेल्या माणसाला लाज वाटते, असं हिंदुराव मनाशी म्हणायचे. त्यापेक्षा दोन रिक्षा बदलून इथं आलेलं बरं.

पत्नी कौसाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी संजीवनी बडोद्याला. दर रविवारी फोन करायची आणि मुलांचा दंगा वाढला की ठेवून द्यायची. उरलेले सहा दिवस घरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसे. गॅसचा नंबर फोनवर लागत होता, तरी हिंदुराव एजन्सीत जाऊन रांगेत उभे राहायचे. मागचा पुढचा कोणीतरी काहीतरी बोले.

कंपनी रंग बनवणारी. तिथे त्यांनी तीस वर्षं काढली होती. चार वर्षांपूर्वी, दोन हजार चारच्या मार्चमध्ये, एकाच दिवशी बेचाळीस जणांना घरी बसवलं गेलं. वर्षभरात हिंदुरावांचंही टेबल उठलं.

ती बेचाळीस नावं त्यांना पाठ होती. कोण कुठल्या साली लागला, कोणाचं शिक्षण किती, कोणाच्या घरी आजारपण. एकेक नाव टाकून शोधलं तेव्हा साइटवर एकोणीस सापडले. सगळ्यांना ओळखीची विनंती गेली. पंधरा दिवस झाले, एकानेही ती स्वीकारली नाही.

“असं नाही होत काका,” हरेश म्हणाला. “साइटचा फायदा घ्यायचा तर आधी द्यायला लागतं. ही बघा, शिफारस लिहायची जागा. तुम्ही चार ओळी लिहायच्या, त्या त्याला जातात. त्याने हो म्हटलं की त्याच्या पानावर दिसतात. तुमच्या चार ओळींनी त्याला काम मिळालं तर तो विसरेल तुम्हाला?”

“माझ्या चार ओळींनी मिळेल?”

“क्यों नहीं? इतकी वर्षं बघितलंय ना त्यांना?”

हिंदुराव त्या दिवशी काही न लिहिताच उठले. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारी दोनच्या ठोक्याला येऊन बसले. इंग्रजी त्यांचं पक्कं होतं. आयुष्य कार्यालयीन पत्रांतच गेलेलं. पण शीला कांबळेवर चार ओळी लिहायला त्यांना दोन तास लागले. चौदा वर्षांत तिने तपासायला आलेला एकही नमुना बदलू दिला नाही, अगदी मालकाच्या भाच्याने सांगितलं तरी. शंकर गायकवाडने मिक्सरच्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाला आपला हात घालून ओढून काढलं होतं. विक्रांत साळवे पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय भट्टी सोडत नसे.

रोज एकच शिफारस. लिहून झाली की ते हरेशला मोठ्याने वाचून दाखवायचे.

“काका, तुम्ही तर आईसारखं लिहिता,” हरेश एकदा म्हणाला.

हिंदुरावांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

एकोणीस शिफारशी गेल्या. कोणाच्याही पानावर एकही दिसली नाही. हिंदुराव रोज येऊन बघायचे, नाही म्हणून मान हलवायचे आणि जिना उतरायचे.

आणि एका गुरुवारी निरोप आला. विक्रांत साळवेचा. “तुमचं लिहिलेलं मिळालं. भेटायचं आहे. रविवारी अकरा वाजता, अंबरनाथ पूर्वेला, भाजी मार्केटसमोरच्या हॉटेलात.”

हरेशने खालून जिलेबी मागवली.

रविवारी हिंदुरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. संजीवनीचा फोन यायची वेळ होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्यासाठी थांबले नाहीत. साडेदहालाच हॉटेलात जाऊन बसले.

विक्रांत अकराला आला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. हातात प्लास्टिकची फाइल होती.

“काय करतोस सध्या?”

“शाळेची व्हॅन चालवतो.”

“आई कशी आहे?”

“गेली. कामावरून काढलं त्याच वर्षी.”

हिंदुरावांनी दोन चहा सांगितले. विक्रांतने फाइल उघडली. आत छापलेले कागद होते. प्रत्येकावर एकेक शिफारस.

“सगळ्यांनी आपापली माझ्याकडे आणून दिली,” तो म्हणाला. “एकोणीसच्या एकोणीस.”

“म्हणजे वाचल्या सगळ्यांनी?”

“वाचल्या. शीलाताई रडल्या वाचून. हे सगळं मनापासून लिहिलंत?”

“शब्दन् शब्द खरा आहे रे.”

“मग खाली सही हवी होती. नुसतं कॉम्प्युटरवरचं कोणी मानत नाही.”

हिंदुरावांचे डोळे भरून आले. महिनाभर कोणी उत्तर दिलं नव्हतं, आणि इकडे सगळे एकत्र बसून त्यांचं लिहिलेलं वाचत होते. त्यांनी चहा बाजूला सरकवला, खिशातलं पेन काढलं आणि एकेका नावावर हात फिरवत एकोणीस सह्या केल्या, पूर्ण नावानिशी, तारखेसकट.

“आणखी कोणाला हवी असेल तर पाठव,” ते म्हणाले. “त्या तेवीस जणांनाही सांग. मी घरीच असतो.”

विक्रांतने कागद मोजून फाइलमध्ये ठेवले. त्याचा चहा तसाच होता.

“उद्या हे कामगार न्यायालयात लावतो आम्ही, साहेब,” तो उठत म्हणाला. “आम्हाला काढलंत तेव्हा प्रत्येकाच्या पत्रावर ‘कामचुकार, ठेवण्यास अयोग्य’ असं लिहून खाली तुम्ही हीच सही केली होतीत.”